दिनकर, त्या बैलगाड्या नव्हत्या

दिनकर,

पाच दिवसांपूर्वी तुला खांद्यावर घेऊन आम्ही तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, थांबलो होतो. रस्ता ओलांडून घाटाकडं वळायचं होतं. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला, त्याच्या मागं एस.टी., मग दोन ट्रक, मग स्कूटरींची माळ. मडकं धरलेला तुझा शिरीष एक पाऊल पुढं टाकायचा आणि परत मागं यायचा. मागनं कुणीतरी ओरडलं, "मयत हाय, थांबा की जरा!" एका मोटारवाल्यानं काच खाली केली, तुला नमस्कार केला आणि वेग कमी न करता निघून गेला. तू तसा जड नव्हतास, पण उभं राहिल्यावर खांद्याला सगळं कळतं. मी मनात म्हणालो, हा बघ तुझा पन्नास फुटी रस्ता.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. 'मनमिळाऊ स्वभावाचे' असं छापलंय. तू मनमिळाऊ कधी होतास? चहात साखर कमी पडली तर हॉटेलवाल्याला मोजमाप शिकवणारा माणूस तू. बाकीच्या ओळीही अशाच कुणाच्याही नावाखाली चालतील अशा आहेत, म्हणून त्या सोडून देतो. तुझ्याशी मला वेगळं बोलायचं आहे. सतरा-अठरा वर्षं राहिलंय.

नगरपालिकेची महानगरपालिका व्हायच्या आधीची गोष्ट. तू नकाशाखात्यात आरेखक होतास. साहेब लोक बोलायचे, इंजिनिअर बेत करायचे, आणि शेवटी गावावर रेघ ओढायची ती तू. ट्रेसिंगच्या कापडावर तुझं पेन चालायला लागलं की तू श्वास धरायचास. एकदा मी मध्येच शिंकलो तर आठवडाभर बोलला नाहीस. माझ्या इतिहासाच्या तासासाठी तू पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढून दिलास, तो अजून कॉलेजात आहे. पोरं माझं बोलणं विसरली, नकाशा त्यांच्या लक्षात आहे.

संध्याकाळी आपण तिकटीच्या कट्ट्यावर असायचो. तुकाराम गवळ्याच्या म्हशी गोठ्यातनं चालत यायच्या, ओळीनं उभ्या राहायच्या, आणि तो समोर धार काढून फेसाचा पेला हातात द्यायचा. तालमीतली पोरं एका दमात शेरभर प्यायची. आपण अर्ध्या पेल्यात तासभर वाद घालायचो. तुकाराम म्हणायचा, "तुमच्यापेक्षा म्हशी बऱ्या. पाजलं, की गप जात्यात."

वाद रस्त्याचाच असायचा. मी म्हणायचो, आपल्या पेठेत मोटारी किती, तर डॉक्टरांची एक आणि सिनेमावाल्यांची एक, तीही बहुतेक वेळ ढकलायला माणसं शोधत असते. त्या दोघींसाठी गाव कापायचं? तू म्हणायचास, "मोटारीचं सोड मर्दा. बंबाचं काय?" तेल्याच्या घराला आग लागली तेव्हा बंब बोळाच्या तोंडाशी अडकला होता. तू आणि मी घागरी घेऊन धावलो होतो. तेल्याची म्हातारी बाहेर काढली, पण ती पुढं आठवडाच जगली. त्या दिवसापासून तू रस्तारुंदीचा झालास. पण तेव्हा तू तीस फुटांचा होतास. "बंब आत यायला तीस पुरे," म्हणायचास. "पायऱ्या जातील लोकांच्या, घरं राहतील."

नगरपालिकेपुढं दोन रेघा होत्या. एक तीस फुटांची, तिच्यात नुसत्या पायऱ्या आणि कट्टे जात होते. दुसरी पन्नास फुटांची, तिच्यात दोन्ही बाजूंच्या घरांच्या पुढच्या खोल्या जात होत्या. तुझीही. त्या खोलीत दस्तगीरभाईंचं बाइंडिंगचं दुकान होतं. कॉलेजच्या ग्रंथालयाची पुस्तकं त्यांच्याकडं यायची. शिजवलेल्या खळीचा वास तुझ्या घरात शिरायचा आणि वहिनी म्हणायच्या, "पाहुण्यांना वाटतं रोज आमच्याकडं लापशीच असती." कुठली रेघ घ्यायची ते वाहतुकीच्या मोजणीवर ठरणार होतं.

मोजणीला माणसं कमी पडली. तू माझ्याकडं आलास. "दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तिकटीवर बसायचं. वाहन गेलं की रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. तेवढं येईल ना इतिहासवाल्याला?" मी कागद बघितला. मोटार, ट्रक, स्कूटर, सायकल, टांगा, बैलगाडी.

"माणसांचा रकाना कुठाय?"

"माणसं वाहन न्हाईत."

"रस्त्यावनं सगळ्यात जास्त तीच जातात."

"जाऊ देत की. मोजायची न्हाईत." मग तू मला कोष्टक समजावून सांगितलंस. सगळ्या वाहनांचं शेवटी मोटारीत रूपांतर करायचं. सायकल म्हणजे अर्धी मोटार. बैलगाडी हळू चालते, वाट अडवते, म्हणून एक बैलगाडी म्हणजे सहा मोटारी.

मला हसू आवरेना. ज्या गावात मोटारी दोन, तिथं बैलांच्या मोटारी करून मोटारींसाठी रस्ता मागायचा, ही अक्कल मला फार आवडली. मी बसलो. पहिल्या दिवशी इमानेइतबारे रेघा मारल्या. संध्याकाळी तुकारामाच्या म्हशी आल्या. वाट अडवत, हळू, शेपट्या उडवत. मी बैलगाडीच्या रकान्यात रेघा मारल्या. येताना मारल्या, परत जाताना मारल्या. पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशी रंकाळा तळ्यात डुंबून आल्या, त्याही मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच केलं. प्रत्येक म्हशीमागं सहा मोटारी तिकटीवरनं जाताना मला दिसत होत्या, आणि मी एकटाच हसत होतो.

माझा हिशेब असा होता, की हा कागद कुणीतरी वाचेल. वाचणारा माणूस असल्यामुळं मला वाटायचं, कागद वाचले जातात. कुणीतरी साहेब म्हणेल, पेठेत एवढ्या बैलगाड्या कुठनं आल्या? मग चौकशी होईल, म्हशी निघतील, सगळा दरबार हसेल आणि मोजणीचं सोंग उघडं पडेल. तू बेरीज न बघता खाली सही केलीस, कारण कागद मी भरला होता.

ते दिवस गुळाचे होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. गुऱ्हाळं चालू होती, बाजाराकडं रोज ढेपांनी भरलेल्या गाड्या जात होत्या. साहेबांना आकड्याचं काही वाटलं नाही. त्यांना तो आवडला.

हरकती ऐकायला सभा भरली. खुर्च्यांना पांढरी कापडं, टेबलावर हार, हारामागं मान्यवर. पन्नास फुटांच्या बाजूचे साहेब उठले आणि म्हणाले, गुळाच्या व्यापारानं आपल्या रस्त्यावर असा काही ताण पडलाय, की तीस फुटांत ही बाजारपेठ गुदमरून मरेल. त्यांनी आकडा वाचला. मी हसलो. सभेत मी एकटाच हसलो. शेजारचा म्हणाला, "खरंय की हो, लई गाड्या येत्यात." तेव्हा उठून दोन वाक्यं बोलायची होती. मी नाही उठलो. आधी वाटलं, तुझी नोकरी जाईल. आता प्रामाणिकपणे सांगतो, तुझा विचार दुसरा होता. पहिला माझाच होता.

सभेनंतर आपण कट्ट्यावर आलो. तू पेला हातात घेतलास. मग म्हणालास, "मास्तर, त्या दोन दिवसांत गुळाच्या गाड्या फार आलेल्या का रे?"

मी म्हणालो, "आल्या होत्या."

तू दूध प्यायलास, ओठ पुसलेस आणि म्हणालास, "मग बरोबर हाय."



नकाशावर रस्तारुंदीची तांबडी रेघ तूच ओढलीस. ती तुझ्या घरावरनं गेली. पेठेतले लोक म्हणत होते, दिनकर पेन जरा वाकडं धरेल, स्वतःची खोली वाचवेल. काहींनी तर तुझ्या बाजूची घरं वाचतील म्हणून पेढ्यांची तयारी ठेवली होती. तू पट्टी लावलीस आणि रेघ सरळ नेलीस. वर सगळ्यांना सांगत सुटलास, पन्नास फूटच पाहिजेत. मी चिडून विचारलं, "काल तर तीस पुरत होते तुला?" तू म्हणालास, "आकडे आले." म्हणताना माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, हा कागदाचा गुलाम झाला. मी साप्ताहिकात लेख लिहिला, त्यात तुला नाव न घेता 'रेघेचा पुजारी' म्हटलं. तू तो वाचलास आणि कट्ट्यावर येऊन म्हणालास, "दुसऱ्या परिच्छेदात मोजमाप चुकलंय. गटार धरून बावन्न होतात."

दस्तगीरभाईंनी दुकान आवरलं त्या दिवशी मी तिथं होतो. दाबयंत्र हातगाडीवर चढवायला तू खांदा दिलास. त्यांनी तुला दोष दिला नाही, निदान तोंडानं तरी. मला म्हणाले, "मास्तर, पुस्तकाची कड कापायची झाली तर आम्ही आधी मजकूर कुठपर्यंत आलाय ते बघतो." ते कबनूरला पुतण्याकडं गेले. पुतण्या तिथं कापडाच्या मागावर कामाला होता. तिथं बाइंडिंगचं काम ते काय मिळणार? पुढं ते मागासाठी सुताच्या कांड्या भरायचे, असं कळलं. मी एकदा भेटायला जायचं ठरवलं होतं. ठरवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

रस्ता झाला. उद्घाटनाला मांडव घातला तो रस्त्याच्या मधोमध. वाहतूक मोकळी झाल्याच्या आनंदात वाहतूक चार दिवस बंद होती. फेटे, तुताऱ्या, भाषणं. फीत कापणाऱ्यांनी पेठेचं नाव चुकीचं घेतलं आणि टाळ्या तेवढ्याच पडल्या. तू मागं, अर्ध्या कापलेल्या तुझ्या घराच्या भिंतीला टेकून उभा होतास. नव्या गिलाव्याची पांढरी खूण तुझ्या कोटावर उमटली होती. मी झटकली. तू म्हणालास, "राहू दे, अजून ओला हाय."

मग मोटारी आल्या. बंब मात्र त्या रस्त्यानं एकदाच आला, तोही रंगीत तालमीला, हे तुला ऐकवायची संधी मी कधी सोडली नाही. कट्टा गेला होताच. तुकाराम काही महिने रस्त्याच्या कडेला म्हशी आणत राहिला. मग एक दिवस म्हणाला, "सर, हॉर्न वाजला की म्हैस पान्हा चोरती. तिला काय सांगू, विकास हाय म्हणून?" त्यानं म्हशी विकल्या आणि टेम्पोवर राहिला. तो तिकटीवरनं जाताना आपल्याला बघून हॉर्न वाजवायचा. आपण दोघंही हात करायचो आणि दोघंही दुसरीकडं बघायचो.

मी तुला पुष्कळ छळलं, दिनकर. रस्ता ओलांडताना तुझा दंड धरून म्हणायचो, "चला पुजारीबुवा, देव आडवा आलाय." दर नव्या मोटारीचं श्रेय तुला द्यायचो. तू ऐकून घ्यायचास. मला टायफॉईड झाला तेव्हा रोज सकाळी डबा घेऊन यायचास, आणि त्या तापातही मी तुला रस्त्यावरनं बोललो, असं घरचे सांगतात. डबा दुसऱ्या दिवशीही आला. मला वाटायचं, तुझ्याकडं उत्तर नाही.

आता गेल्या पाच दिवसांतलं सांगतो.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या नावानं नोटीस आली. रस्ता आणखी रुंद होणार. यावेळी मधली खोली जाते. मग वहिनींना राहायला स्वयंपाकघर आणि मागची पडवी एवढंच. हरकत घ्यायची असल्यास स्वतः हजर राहावे, असं लिहिलंय. मुदत थोडी आहे. शिरीष पुण्याला नोकरीत, तो म्हणतो, "आई, तिकडंच चल." वहिनी म्हणतात, "पहिली खोली गेली तवा न्हाई आले, दुसरीला कशाला येऊ?"

त्यांनी नोटीस माझ्या हातात दिली. "भावजी, तुम्ही लिहिता चांगलं. असं लिहा, की त्यांना वाचावं लागंल."

घरात मुंबईहून आलेली मंडळी निजली होती, दुपारची वेळ. मी म्हणालो, "वहिनी, लिहिण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडं आहे. पहिली मोजणी खोटी होती. त्या बैलगाड्या नव्हत्या. तुकारामाच्या म्हशी होत्या. मी लिहिल्या." एवढं बोलायला मला सतरा-अठरा वर्षं लागली आणि संपायला अर्धं मिनिट.

वहिनी गहू निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "ठाऊक हाय मला."

"कसं?"

"ह्यांनी सांगितलं की. सभा झाली त्याच आठवड्यात. हे दोन दिवस पहाटेपासनं बाजाराच्या नाक्यावर जाऊन गाड्या मोजत बसलेले. आले आणि हसायला लागले. म्हणाले, एवढ्या गाड्या येतच न्हाईत, मास्तरानं म्हशी मोजल्या. लई हसले बघा. मग ताटावर बसले आणि न जेवताच उठले."

"मग वर सांगितलं का नाही?"

"मी पण तेच म्हणाले. म्हटलं, सांगा की, आपली खोली वाचंल. तर म्हणाले, मोजलं कुणी म्हणून विचारतील. त्याला अजून कॉलेजात कायम केलेलं न्हाई. सरकारी कागदावर खोटं लिहिलं म्हटल्यावर ठेवतील व्हय त्याला?" वहिनींनी सुपातला खडा बाजूला टाकला. "आणि म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस मला कळलंय म्हणून. उगाच वाद घालायचा थांबंल."

मी काय करावं, दिनकर? तुझ्यापुढं उभं राहून शरमावं तर तू नाहीस. तुझ्यावर चिडावं तर तेही आता कुठं नेऊन घालू? तू खोली दिलीस, दस्तगीरभाईंचं दुकान दिलंस. ते दुकान द्यायचा तुला तरी काय हक्क होता? हा प्रश्न मी तुला विचारला असता आणि तू मान खाली घालून म्हणाला असतास, "नव्हता." तेवढ्या एकाच गोष्टीचं समर्थन तुझ्याकडं नव्हतं, हे मला आता कळतंय. बाकी सगळ्यांची उत्तरं होती. माझ्या सगळ्या टोमण्यांना एका वाक्यात गाडता आलं असतं तुला. ते वाक्य तू तोंडात धरून बसलास आणि माझ्याबरोबर चहा पीत राहिलास.

मी वहिनींना म्हणालो, "आता तरी लिहितो. पहिली रेघच खोट्यावर आहे, असं म्हणता येईल."

त्या पहिल्यांदा वर बघून बोलल्या. "त्यातलं एक अक्षर लिहायचं न्हाई. त्या कागदावर ह्यांची सही हाय. पेपरात मनमिळाऊ म्हणून आलंय, तेवढं राहू दे."

म्हणजे जे खरं आहे ते लिहायचं नाही, आणि दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. मी नोटिशीसोबतचा कोरा अर्ज पुढं घेऊन बसलो. हरकतीचं कारण या शब्दांपुढं जागा ठेवलेली असते, तू जाणतोस. मी विचारलं, "काय लिहू?" वहिनी म्हणाल्या, "मला इथं राहायचंय, असं लिहा." हे कारण नियमात बसत नाही, हे मलाही कळतं. मी तेच लिहिलं. माझ्या आयुष्यातला पहिला लेख, ज्यात एकही शब्द जास्त नाही.

काल आम्ही दोघं तुझ्या कचेरीत गेलो. दहावं व्हायच्या आत बाहेर पडल्या म्हणून घरातल्या बायका बोलल्या. वहिनींनी ऐकलं नाही, मुदत सुतक पाळत नाही म्हणाल्या. तुझ्या टेबलावर आता एक तरुण गृहस्थ बसतो. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाला, "रेघ मारायला मला दिनकररावांनीच शिकवलं." अर्ज वाचला, खरोखर वाचला. मग तो उलटा करून बघितला आणि अवघडून म्हणाला, "काकू, घर अजून दिनकररावांच्या नावावर आहे. वारस म्हणून तुमचं नाव लागेपर्यंत तुमचा अर्ज घेता येत नाही. दोन-तीन महिने तरी जातील त्याला."

"आणि मुदत?" मी विचारलं.

"ती पुढल्या आठवड्यात संपते, सर." तो माझ्याकडं बघेना. "हरकत मालकानंच घ्यावी लागते. नियम आहे."

वहिनींनी अर्ज परत घेतला. त्याची घडी घातली, पुन्हा घडी घातली. वहिनी त्या मुलाशी बोलल्या, पण ऐकायचं मला होतं.

"मालक असते तरी काय उपयोग व्हता, बाळ," त्या म्हणाल्या. "जन्मात कधी हरकत घेतली न्हाई त्या माणसानं."